ओळंब्याची दोरी

भिंत सरळ आहे का ते बघायला गवंडी दोरीला वजन बांधून ती लोंबती सोडतो, त्याला ओळंबा म्हणतात. टीव्ही दुरुस्त करणाऱ्या माणसाला तो कशाला लागावा? पण मास्तरांच्या दुकानात छताच्या हुकाला अशी एक दोरी होती, खाली जाडजूड नट बांधलेली, आणि तिच्यामुळे सगळी गल्ली त्यांना पाठीमागे ‘ओळंबा’ म्हणायची. तोंडावर मात्र मास्तर. तोंडावर ओळंबा म्हणायची छाती फक्त शेजारच्या न्हाव्याची होती, आणि तोही वस्तरा हातात असतानाच म्हणायचा.

दुकानात येणारे टीव्ही मागे भलंमोठं पोट असलेले. चित्र नीट बसवायचं तर पडद्यावर आधी आडव्या-उभ्या रेघांची जाळी आणायची. मग मागे ट्यूबच्या मानेवरची कॉइल हलवून, कुठे चुंबकाच्या चकत्या चिकटवून त्या रेघा सरळ करायच्या. मास्तर दोरीच्या मागे टीव्ही ठेवत, डावा डोळा मिटत, आणि उजव्या डोळ्याने दोरी आणि रेघ एकमेकींवर आणत. जुळल्या की काम झालं. डावा डोळा मिटायची सवय अंगात इतकी मुरलेली, की कुणाच्या घरी भिंतीवरची तसबीर बघतानाही तो आपोआप मिटायचा. एकदा पोस्टातल्या बाईंनी त्याचा भलताच अर्थ घेतला होता, तेव्हापासून पोस्टाची कामं सून करत असे.

सून दुकानात आली ती खरं तर सासऱ्यांचा डबा घेऊन. नवरा लांबच्या पल्ल्याची गाडी चालवणारा, महिन्याचे वीस दिवस बाहेर. घरी बसून काय करायचं म्हणून ती डबा देऊन तिथेच थांबायला लागली आणि थांबता थांबता शिकली. पुढे बिनफिल्मचे कॅमेरे आले. त्यांच्या आतले स्क्रू मोहरीएवढे, आणि मास्तरांची बोटं म्हणजे मुसळं. कॅमेऱ्यांचं टेबल आपोआप तिच्याकडे आलं, आणि दुकानाकडे बघायला ती असल्यामुळे डबा बंद होऊन मास्तर दुपारी जेवायला घरी जाऊ लागले.

शिकवताना मास्तरांनी तिला एकच गोष्ट घोकून घेतली होती. “दोष कोणाबरोबर चालतो ते बघ. चित्रात रेघा येतायत? वायर बदल. रेघा गेल्या तर दोष वायरबरोबर गेला. नाही गेल्या तर वायर निर्दोष, तिला सोड, पुढचं धर. पण एका वेळी एकच गोष्ट बदलायची. दोन बदलल्यास तर चोर कोण ते ब्रह्मदेवालाही कळायचं नाही.” याच रीतीने एकदा अर्ध्या गल्लीच्या टीव्हीवर नाचणाऱ्या पांढऱ्या रेघांचा माग काढत काढत मास्तर न्हाव्याच्या केस कापायच्या मशीनपर्यंत जाऊन पोचले होते. न्हावी अर्धवट कापलेलं गिऱ्हाईक सोडून भांडायला उठला होता. मशीन बंद केल्यावर रेघा गेल्या, तेव्हा बसला.

गेल्या उन्हाळ्यात दुकानाला रंग दिला. त्यासाठी दोरी उतरवली ती परत चढलीच नाही. सुनेने दोनदा आठवण केली, तर मास्तर म्हणाले, “राहू दे गं. इतक्या वर्षांनी आता माझा डोळाच ओळंबा झालाय.”

आणि त्यानंतर दुकानात येणारा एकूण एक टीव्ही वाकडा निघू लागला.

कुणी आवाज येत नाही म्हणून टीव्ही आणावा, मास्तरांनी आवाज आणावा, शेवटी सवयीप्रमाणे जाळी लावून डावा डोळा मिटावा, आणि “हे बघ, मधोमध फुगवटा!” म्हणून कपाळाला हात लावावा. मग चकत्या चिकटवणं सुरू. गंमत म्हणजे फुगवटा एका जागी थांबेना. मधली रेघ सरळ करायला जावं तर तो मधेच, कोपऱ्याकडे बघावं तर कोपऱ्यात. “हात लावला की पळतो हरामखोर,” मास्तर म्हणायचे. तासभर झटायचे, चिडायचे, कंपन्यांना शिव्या घालायचे, नव्या ट्यूबा म्हणजे निव्वळ भंगार आहेत असा निकाल द्यायचे आणि जेवायला घरी जायचे.

सुनेला त्या रेघा सरळ दिसत होत्या. आधी तिला वाटलं, आपली नजर कच्ची. सासऱ्यांनी उभा जन्म रेघा बघण्यात घालवला, आपण काल आलेल्या. पण एक दिवस दुरुस्त झालेला कॅमेरा हातात होता, म्हणून तिने त्या जाळीचा फोटो काढला आणि फोटोवर पट्टी ठेवली. रेघ पट्टीला चिकटून सरळ. कॅमेऱ्याला ना मास्तरांची भीड, ना तिची. वाकडी होती ती मास्तरांनी चकत्या लावलेली जागा तेवढी.

त्याच आठवड्यात न्हावी आपला टीव्ही परत घेऊन आला. नशिबाने मास्तर नव्हते.

“काय गं, तुझ्या सासऱ्याने माझ्या टीव्हीला दाढदुखी लावून दिली,” तो म्हणाला. “बातम्या देणाऱ्या बाईचा एक गाल सुजलेला दिसतो. आणि वर जांभळा!”

तिने गुपचूप मागचं झाकण उघडलं, चकत्या काढल्या, चुंबकाचा परिणाम पुसणारी गोल कॉइल पडद्यासमोर फिरवून जांभळा डाग घालवला. बाईचा गाल उतरला. “मास्तरांना सांगू नका काका,” ती म्हणाली. न्हाव्याने तिच्याकडे जरा बघितलं, मान हलवली आणि टीव्ही उचलून गेला. एरवी तो माणूस पोटात काही ठेवणारा नव्हता.

तेव्हापासून तिचा नेमच झाला. मास्तर जेवायला गेले की झाकण उघडायचं, चकत्या काढायच्या, चित्र पूर्ववत करायचं आणि टीव्ही गिऱ्हाइकाच्या घरी पाठवून द्यायचा. काढलेल्या चकत्या ती आपल्या टेबलाखालच्या पत्र्याच्या डब्यात टाकायची. मास्तर नव्या चकत्या मागवत राहिले, डबा भरत राहिला. झाकली मूठ सव्वा लाखाची, असं ती स्वतःला समजवायची. म्हातारपणी नजर थोडी इकडेतिकडे व्हायचीच, त्यासाठी माणसाचा पाणउतारा कशाला करायचा? आपण आहोत ना सांभाळून घ्यायला. यात तिला थोडं बरंही वाटायचं, हे कबूल केलं पाहिजे.

पावसाळा सरत आला तेव्हा डोळ्यांच्या डॉक्टरीणबाईंचा कॅमेरा तिच्याकडे आला. फोटोंवर आडव्या जांभळ्या रेघा. तिने कॅमेऱ्यातलं कार्ड काढून दुसऱ्या कॅमेऱ्यात घातलं. जुने फोटो स्वच्छ, नव्या फोटोंवर तिथेही रेघा. म्हणजे रेघा फोटोबरोबर चालत होत्या. मागचा दाखवणारा पडदा निर्दोष, बिघाड पुढच्या बघणाऱ्या भागात. उघडलं तर त्या भागाकडे जाणारी चपटी वायर घडीवर चिरलेली. ती बदलली, रेघा गेल्या.

कॅमेरा न्यायला डॉक्टरीणबाई दुपारी आल्या, मास्तर जेवायला गेलेले. सुनेने त्यांना काय झालं होतं ते समजावलं. त्या कौतुकाने ऐकत होत्या.

“आमचंही असंच,” त्या म्हणाल्या. “माणूस येतो तो चष्म्याला नावं ठेवत येतो. चष्म्याच्या मागेही काही असतं हे त्याच्या गावीही नसतं.”

सुनेच्या तोंडून निघून गेलं, “डॉक्टर, कुणाला सरळ रेघ वाकडी दिसत असेल तर?”

“एका डोळ्याने की दोन्ही?”

“दोन्ही उघडे असले की काही म्हणत नाहीत. डावा मिटला की. आणि जिकडे बघतील तिकडे वाकडी.”

डॉक्टरीणबाईंनी गळ्यात घातलेला कॅमेरा काढून टेबलावर ठेवला. “कोण आहे? वय काय?”

तिने सांगितलं.

“मोतीबिंदू असता तर धूसर दिसलं असतं. रेघ वाकडी दिसते म्हणजे डोळ्याच्या मागच्या पडद्याखाली पाणी साठत असणार. पडदा फुगतो, म्हणून रेघ फुगते. इंजेक्शनं देऊन ते थांबवता येतं. पण थांबवता येतं, एवढंच. जेवढी नजर गेली तेवढी गेली, ती परत आणायचं औषध माझ्याकडे नाही. केव्हापासून होतंय हे?”

“उन्हाळ्यापासून.”

“आणि कुणाच्या लक्षात नाही आलं?”

सुनेने मान खाली घातली. पायाशी तो डबा होता.

“उशीर झालाय,” डॉक्टरीणबाई म्हणाल्या. त्यांचा सूर रागाचा नव्हता, त्यामुळे ते जास्तच लागलं. “आणखी करू नका. याच आठवड्यात आणा. ढकलत बसलात तर त्या डोळ्याला मधलं काहीच दिसणार नाही. समोरच्याचे कान दिसतील, तोंड दिसणार नाही.”

त्या गेल्यावर तिने डबा उघडला. सगळ्या चकत्या एकमेकींना चिकटून एक गोळा झाला होता. एकेक चकती म्हणजे मास्तरांना कळायची एकेक संधी होती, आणि ती तिने आपल्या हाताने काढून डब्यात घातली होती. एखाद्या जरी गिऱ्हाइकाने येऊन दुकानात तमाशा केला असता तर सासरे केव्हाच डॉक्टरकडे पोचले असते. तिला रडू आलं, आणि ती रडली.

मास्तर जेवून आले तेव्हा तिने डोळे पुसले आणि सरळ विषयाला हात घातला. “बाबा, एकदा डोळे दाखवून येऊ या का?”

“कुणाचे?”

“तुमचे.”

“माझे?” मास्तर असे हसले की बाहेरून न्हाव्याने डोकावून बघितलं. “अगं, पेपरातल्या बारीक जाहिरातीसुद्धा वाचतो मी. कुणाची म्हैस हरवली तेही मला माहीत असतं.”

“पण टीव्ही वाकडे दिसतात ना तुम्हाला?”

“दिसतात म्हणजे? आहेत! टीव्ही वाकडा आणि डोळे दाखवू? नाचता येईना अंगण वाकडं म्हणतात, तू तर अंगण वाकडं असताना माझेच पाय तपासायला निघालीस.” मग त्यांचा आवाज एकदम उतरला. “सूनबाई, ज्या दिवशी माझा डोळा चुकेल ना, त्या दिवशी मी या दुकानाला कुलूप लावीन. पुन्हा हा विषय काढू नकोस.”

डबा तिने टेबलाखालीच राहू दिला.

संध्याकाळी तिने सगळं सासूला सांगितलं, डब्यासकट. सासूबाई कपड्यांच्या घड्या घालत होत्या. त्या ऐकून घेईपर्यंत एकाच शर्टाची घडी तीनदा मोडली गेली.

“सांगून ऐकणारा माणूस नाही गं तो,” त्या शेवटी म्हणाल्या. “लग्न झाल्यापासून सांगतेय की तुम्ही घोरता. अजून मान्य नाही. म्हणतात, मी कधी ऐकलं नाही.” मग शर्ट बाजूला ठेवला. “त्याला डोळ्यांनी दिसलं तरच पटतं.”

दिसलं तरच पटतं, आणि दिसण्यातच तर घोटाळा! ती अंथरुणावर पडून त्यावरच विचार करत राहिली. मास्तरांना टीव्हीवर भरवसा नव्हता, कंपन्यांवर नव्हता, डॉक्टरांवर तर मुळीच नव्हता. मग जगात असं काय होतं की जे वाकडं असूच शकत नाही, अशी त्यांची खात्री होती?

सकाळी ती त्यांच्या आधी दुकानात गेली. फडताळामागून दोरी शोधून काढली, धूळ झटकली, नट घट्ट केला आणि स्टुलावर चढून हुकाला बांधली. मागे दुरुस्तीला आलेला, एका निवृत्त शाळामास्तरीणबाईंचा टीव्ही ठेवला आणि त्यावर जाळी लावली.

मास्तर आले, दोरी बघून खूश झाले. “अरे वा! दोरीबाई परत आल्या का?” असं म्हणून त्यांनी नटाला टिचकी मारली. दोरी डुलली, थांबली. मास्तर नेहमीच्या जागी उभे राहिले आणि डावा डोळा मिटला.

“जुळली!” ते ओरडले. “बघ सूनबाई, रेघ दोरीवर अगदी बरोबर बसली! म्हणजे हा टीव्ही सरळ...”

ते वाकून दोरीकडे बघायला लागले.

रेघ दोरीवर बसली होती हे खरं. पण रेघ तर वाकडी दिसत होती. वाकड्या रेघेवर दोरी बसते कशी?

मास्तरांनी नट बोटांनी धरला, खाली ओढला, सोडला. पुन्हा डावा डोळा मिटला. मग त्यांनी टीव्ही बंद केला. काळ्या पडद्यासमोर नुसती पांढरी दोरी राहिली. ते बघत राहिले.  मधे बोलायचं नाही असं सुनेने ठरवलं होतं.

मग दोरीवरून नजर काढून ते दाराच्या चौकटीकडे वळले. डावा डोळा मिटला. मग समोरच्या विजेच्या खांबाकडे. मग न्हाव्याच्या पाटीच्या कडेकडे. एका वेळी एकच गोष्ट. सगळं बदलून झालं तेव्हा बदलायला एकच गोष्ट उरली. मास्तरांनी तळहात उचलला, उजव्या डोळ्यावर ठेवला आणि डाव्या डोळ्याने दोरीकडे पाहिलं. मग हात दुसऱ्या डोळ्यावर. पुन्हा पहिल्यावर.

“वजन बांधलेली दोरी वाकडी होत नाही,” ते हळूच म्हणाले.

“नाही, बाबा.”

“दोष माझ्याबरोबर चालतोय.”

ते स्टुलावर बसले. उभ्या आयुष्यात त्यांना असं बसलेलं तिने पाहिलं नव्हतं; खांदे पडलेले, हात गुडघ्यांत. मग त्यांनी विचारलं, “मग इतके टीव्ही मी बिघडवून पाठवले, एकही परत कसा आला नाही?”

तिने टेबलाखालून डबा काढला आणि त्यांच्यासमोर ठेवला. मास्तरांनी झाकण उघडलं. चकत्यांचा गोळा हातात घेतला, एक सोडवायला गेले, ती सुटेना.

“मला वाटलं, तुमचं नाव सांभाळतेय,” ती म्हणाली. “तुमचा डोळा जात होता आणि मी नाव सांभाळत बसले. माझं चुकलं, बाबा. फार चुकलं.”

मास्तर चिडतील असं तिला वाटत होतं. ते चिडलेही. गोळा डब्यात आदळला, मोठा आवाज झाला. “तुला हेच शिकवलं का मी? बिघाड झाकायला? दोष दिसू दिला नाहीस तर तो काढणार कसा?” मग त्यांनी डब्याचं झाकण लावलं. “आणि तुला तरी काय म्हणू? काल तू तोंड उघडलंस तेव्हा मी ते बंदच केलं.”

ते उठले. “कुलूप आण.”

ज्या दिवशी डोळा चुकेल त्या दिवशी कुलूप, हे त्यांचेच शब्द. “बाबा, असं नका करू. दुकान बंद करून काय...”

“अगं, डॉक्टरकडे जायचंय ना?” मास्तर खेकसले. “मग दुकान काय न्हाव्याच्या भरवशावर उघडं टाकू? परत येईपर्यंत तो सगळ्या टीव्हींच्या दाढ्या करून ठेवील.”

दवाखान्यात डॉक्टरीणबाईंनी मास्तरांच्या हातात एक छोटं कार्ड दिलं. त्यावर आडव्या-उभ्या रेघांच्या चौकटी, मधे एक काळा ठिपका. मास्तरांनी ते जवळ धरलं, लांब धरलं. “ही तर आमचीच जाळी,” ते म्हणाले, आणि त्या दिवसात पहिल्यांदा थोडे हसले. मग डावा डोळा झाकून, रेघ कुठून वाकते आणि कुठे पुन्हा सरळ होते, ते बोटाने दाखवलं. काय बिघडलंय याबद्दल एक अक्षर बोलले नाहीत. “मला जे दिसतं ते मी सांगितलं,” ते म्हणाले. “आता पुढचं तुमचं.”

इंजेक्शन डोळ्यातच द्यायचं असतं हे कळल्यावर मात्र त्यांची पाचावर धारण बसली. त्यांनी सुनेचा हात धरला तो सुई बाहेर येईपर्यंत सोडला नाही. नंतर आणखी इंजेक्शनं झाली. पाणी ओसरलं, फुगवटा पुष्कळ उतरला, पण सगळा नाही. मधोमध थोडी वाक राहिली, ती राहिलीच. डॉक्टरीणबाईंनी स्पष्ट सांगितलं की आधी आला असतात तर हीसुद्धा राहिली नसती. आता रोज सकाळी एकदा बघायचं, आणि वाक वाढलेली दिसली तर त्याच दिवशी यायचं. त्यांनी घरी न्यायला कार्ड देऊ केलं. मास्तरांनी ते नको म्हटलं.

दुकान चालू आहे. टीव्हीचं चित्र बसवताना आता सून दोरीसमोर उभी राहते आणि डावा डोळा मिटते. मास्तर मागे बसून कॉइल हलवतात आणि विचारतात, “जुळली का?” ती खरं तेच सांगते. नाही जुळली तर नाही म्हणते, दहा वेळा नाही म्हणावं लागलं तरी.

पण ते नंतरचं. सकाळी दुकान उघडताना ती शटर अर्धंच वर करते आणि थांबते. मास्तर वाकून आत शिरतात, दोरीसमोर उभे राहतात, नट स्थिर होऊ देतात आणि डावा डोळा मिटतात. जी बाई पावसाळाभर प्रत्येक वाकडी रेघ चोरून सरळ करत होती, तीच आता बाहेर शटरला हात लावून मनात म्हणत असते, देवा, दोरी जेवढी वाकडी आहे तेवढीच वाकडी राहू दे. शेजारचा न्हावीही कात्री थांबवतो, हे तिला त्याच्या आरशात दिसतं.

“कालच्याइतकीच,” आतून मास्तर ओरडतात, आणि ती उरलेलं शटर वर ढकलते.